बरगडी काढल्यावर छातीला आधार कशाचा?

आजारपणासाठी कर्जाचा अर्ज आला की गटात आपण आधी विचारतो, खर्च कशावर होणार? छातीच्या गाठीचं ऑपरेशन असेल तर हा प्रश्न डॉक्टरांनाही विचारावा. "टायटॅनियमची पट्टी घालायची आहे," एवढं ऐकूनच घरची माणसं शेत गहाण टाकायला निघतात, हे आम्ही पाहतो.

बरगडीत कर्करोगाची गाठ असेल तर डॉक्टर तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भागही काढतात. दोन-तीन बरगड्या जातात, कधी छातीचं मधलं हाडही. मोठी जागा मोकळी राहिली तर श्वास घेताना तेवढा भाग आत ओढला जातो आणि धाप लागते. आतल्या हृदयाला, फुप्फुसाला आडोसाही हवा असतो.

पण प्रत्येकाला कठीण आधार लागत नाही. जागा साधारण 5 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर बहुधा स्नायूचं आच्छादन पुरतं. पाठीकडे, खांद्याच्या चपट्या हाडाखाली असेल, तर 10 सेंटिमीटरपर्यंतही चालतं, कारण ते हाडच आधार देतं.

आता साहित्य बघू. पहिली, प्लास्टिकच्या धाग्याची जाळी. हर्नियालाही अशीच वापरतात. ती स्वस्त असते आणि तिच्यात शरीराचं मांस रुजतं. पण ती मऊ असते. दुसरं, दोन जाळ्यांमध्ये हाडांचं सिमेंट भरून केलेलं कवच. ते हृदयाला चांगलं राखतं. पण ताठ असतं, आणि जंतू शिरले तर काढावं लागू शकतं. तिसरी, टायटॅनियमची पट्टी. हलकी, मजबूत, पण महाग. तीही कधी तुटते, कधी तिचे स्क्रू सैल होतात.

यांतलं काहीही बसवलं तरी वरून आपल्याच अंगातल्या स्नायूचं आणि कातडीचं चांगलं पांघरूण लागतं. अनेकदा त्यासाठी पाठीचा स्नायू वळवून घेतात.

म्हणून कागदावर चार प्रश्न लिहून न्या. किती मोठी जागा निघणार, आणि कुठली? कठीण आधार लागेलच का? कमी खर्चाचं साहित्य चालेल का, नाही तर का नाही? सरकारी योजनेत यातलं काय बसतं? हा शेवटचा प्रश्न दवाखान्यातल्या आरोग्यमित्रालाही विचारा.

डॉक्टरांनी पट्टीचं कारण नीट सांगितलं, तर घासाघीस करत ऑपरेशन लांबवू नका. घरी आल्यावर ताप, जखमेतून पू किंवा वाढती धाप दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

महाग तेच चांगलं असं नाही, मैत्रिणींनो. त्या माणसाच्या छातीला जे लागतं, ते चांगलं. विचारायला लाजू नका.