खेळ रचणाऱ्यांची उमेदवारी



संगणकावरचे खेळ रचण्याची विद्या शिकतो, असे मुलाने म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो तो हाच: खेळून कोणाचे पोट भरले आहे? प्रश्न रास्त आहे. थट्टेवारी नेण्यासारखा नाही. परंतु जेवणे आणि स्वयंपाक करणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच खेळणे आणि खेळ रचणे यांत आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

या विद्येचा आरंभच हौशी तरुणांनी केला. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ सिद्ध केला. दोन याने, मध्ये ओढून घेणारा एक तारा, आणि मागे खऱ्या आकाशावरून मांडलेली नक्षत्रे, एवढेच त्यांचे भांडवल!

याहून बोधप्रद उदाहरण आहे ते रेडमंड येथील डिजिपेन संस्थेतील विद्यार्थ्यांचे. २००५ साली त्यांनी ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ हा छोटा खेळ केला. त्यात कल्पना एकच. भिंतीवर दोन दारे उघडावीत. एकातून आत शिरावे, दुसऱ्यातून बाहेर पडावे. खेळातल्या राजकन्येला उडी मारता येत नाही. परंतु या उणिवेमुळेच त्या दोन दारांना महत्त्व आले. दुसरा मार्गच नसल्यामुळे खेळणाऱ्याला विचार करणे भाग पडते. व्हॉल्व्ह या कंपनीने ही सगळी मंडळी आपल्याकडे घेतली, आणि २००७ साली त्याच कल्पनेतून ‘पोर्टल’ हा जगप्रसिद्ध खेळ निघाला.

मग या उमेदवारीत शिकायचे काय? पहिली गोष्ट काटकसर. दहा कल्पना अर्धवट रंगवण्यापेक्षा एक तडीस न्यावी. दुसरी, न बोलता शिकवणे. ‘पोर्टल’मध्ये नवी युक्ती आधी सोप्या खोलीत हाती देतात, कस लागतो तो पुढच्या खोल्यांत. चांगला शिक्षक याहून निराळे काय करतो? तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे दुसऱ्याला खेळताना गप्प बसून पाहणे. ‘पोर्टल’च्या एका भागात एक जड पेटी शेवटपर्यंत बरोबर न्यावी लागते. परीक्षेला बसवलेले लोक ती मागेच विसरत. रचनाकारांनी त्यांना दोष दिला नाही. पेटीवर हृदयाचे चिन्ह काढले आणि तिला ‘सोबती’ म्हटले. मग लोक तिला जिवापाड जपू लागले!

आता एक इशारा. प्रत्येक विद्यार्थ्याच्या दारी कंपनी चालून येत नाही. म्हणून केवळ नोकरीच्या आशेवर या वाटेला लागू नये, आणि नोकरीच्या भीतीने ती मोडूनही टाकू नये. एक काम पुरे करणे, चौघांत मिळून राबणे, दुसऱ्याच्या अडचणीवरून आपली चूक ओळखणे, हे गुण ज्याने कमावले त्याचा काळ कोणत्याच धंद्यात वाया गेला असे होत नाही.

तेव्हा पालकांना आमचे सांगणे एवढेच. मुलाकडे प्रशस्तिपत्र मागू नका. त्याने पुरा केलेला एक लहानसा खेळ मागा. तो स्वतः खेळून पाहा. तुम्ही अडखळलात, की तुमच्याकडे न पाहता तो आपल्या खेळाकडे पाहू लागला, तर समजा, मुलगा शिकतो आहे.