प्रश्नोत्तरी यंत्र आणि त्याची दुरुस्ती
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवात मला बोलावयास सांगितले, याबद्दल कार्यकारी मंडळाचा मी आभारी आहे. विषय मात्र आपल्याच घरांतील तरुणांनी सुचविलेला आहे. बेळगावातून पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला नोकरीस गेलेली मुले सुट्टीत घरी येतात. "काय काम करतोस रे?" असे आजोबांनी विचारले, की "कंपनीचा चॅटबॉट सुधारतो," एवढे सांगून मोकळी होतात. हे सुधारणे म्हणजे काय, ते आज उकलून सांगावे असा विचार आहे.

कंपनीच्या खातेवह्या आता संगणकात असतात. कोणत्या ग्राहकाने काय घेतले, पैसे कधी भरले, याच्या लाखो नोंदी. त्यांतून हवे ते काढण्यासाठी 'एसक्यूएल' नावाची एक भाषा आहे. ती १९७४ साली आयबीएममधील चेंबरलिन व बॉइस यांनी मांडली. ज्याला ती येत नाही, त्याला साध्या आकड्यासाठीही जाणकाराची वाट पाहावी लागे. चॅटबॉट हा या दोघांमधला दुभाषी. कर्मचारी साध्या भाषेत विचारतो, यंत्र त्याचे एसक्यूएलमध्ये भाषांतर करते, संगणक आकडा काढतो आणि यंत्र तो वाक्यात बसवून सांगते.

कल्पना जुनीच आहे. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत बेसबॉलच्या सामन्यांविषयी इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देणारी रचना तयार झाली होती. पुढे विल्यम वुड्स यांनी 'लूनार' ही रचना केली. अपोलो मोहिमेने आणलेल्या चंद्रावरील दगडांची रासायनिक माहिती तिच्यात होती. १९७१ साली शास्त्रज्ञांनी तिला १११ प्रश्न विचारले. त्यांपैकी ७८ टक्के प्रश्नांची उत्तरे आली. १२ टक्के किरकोळ, सहज दुरुस्त होणाऱ्या चुकांमुळे अडली आणि उरलेले १० टक्के खरोखरच कठीण निघाले. मी शिक्षक असल्यामुळे मला हे प्रगतिपुस्तक फार आवडते. किती गुण मिळाले यापेक्षा ते कशामुळे गेले, हे त्यात लिहिले आहे.

आजची यंत्रे अर्थातच पुष्कळ पुढे गेली आहेत. तरी २०२३ साली 'बर्ड' नावाची एक कसोटी निघाली, तिच्यात ९५ माहितीसंच व १२,७५१ प्रश्न होते. जाणकार माणसांना सुमारे ९३ टक्के गुण मिळाले, तर त्या वेळच्या जीपीटी-४ ला सुमारे ५५. त्यानंतर यंत्रांचे गुण चांगलेच वाढले आहेत.

गुण जातात कोठे? आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. समजा अधिकाऱ्याने विचारले, "गेल्या वर्षी बेळगावात आपले ग्राहक किती?" वाक्य सहा शब्दांचे, पण गाठी किती पाहा! ग्राहक कोणाला म्हणावयाचे? ज्याचे नाव वहीत आहे त्याला, की ज्याने वर्षभरात काही घेतले त्याला? वर्ष जानेवारीचे की एप्रिलचे? बेळगाव म्हणजे शहर, तालुका की जिल्हा? आणि नावाचे काय? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरात 'बेळगावी' आले. (तो वादाचा विषय आज नको!) जुन्या नोंदींत एक नाव, नव्या नोंदींत दुसरे. यंत्राने एकच नाव शोधले तर निम्मे ग्राहक गळतात आणि येणारा आकडा मात्र खणखणीत दिसतो. त्या आकड्यावर एखादी शाखा बंद होऊ शकते, चार माणसांची नोकरी जाऊ शकते. आमचे 'शेख' हे आडनाव घ्या. इंग्रजीत कोणी त्यात 'ए-आय' घालतो, कोणी 'ई-आय', कोणी शेवटचा 'एच' गाळतो. म्हणजे एकाच गृहस्थाचे तीन ग्राहक झाले!

म्हणून चॅटबॉट सुधारणे याचा मोठा भाग भाषा गोड करणे हा नसून अर्थ ठरवून लिहून ठेवणे हा आहे. 'ग्राहक' म्हणजे अमुक, 'वर्ष' म्हणजे तमुक. हे ठरवावयाचे माणसांनीच, आणि पुष्कळदा असे आढळते की हिशेब-खाते व विक्री-खाते यांचेच त्यावर एकमत नव्हते. दुसरी सुधारणा अशी की प्रश्न संदिग्ध असेल तर यंत्राने उत्तर न ठोकता "शहर की जिल्हा?" असे उलट विचारावे. शिवाय, कोणत्या नोंदींवरून आणि कोणत्या तारखेपर्यंतचा हिशेब केला, तेही आकड्याखाली दाखवावे. गणितात आम्ही नुसत्या उत्तराला पूर्ण गुण देत नाही, रीत पाहतो. तेच येथे.

प्रत्येक दुरुस्तीनंतर जुने सगळे प्रश्न पुन्हा विचारावे लागतात, कारण एक भोक बुजवताना दुसरे पडते. त्यातही काही प्रश्न झाकून ठेवावे लागतात. प्रश्नपत्रिका आधी हाती आलेला मुलगा पहिला येतो, म्हणून त्याला विषय आला असे होत नाही.

आता थोडे घरचे. संस्थेच्या कार्यालयातही असे यंत्र आणावे, असे काही तरुण सभासदांनी सुचविले आहे. शिष्यवृत्ती किती दिल्या, वर्गणी किती थकली, असल्या प्रश्नांसाठी माझी हरकत नाही. परंतु आपल्या वहीत आणखी एक पान आहे. कोणाच्या घरी औषधाला पैसे नव्हते, कोणाच्या मुलीची फी आपण गुपचूप भरली, त्या पानावर नावानिशी लिहिलेले आहे. ते चिटणिसांनी आजवर कपाटात ठेवले आणि कधी शब्द बाहेर जाऊ दिला नाही. यंत्राला असा संकोच नसतो. त्याला जे दिसते ते ते विचारणाऱ्याला सांगते. 'नावे सांगू नकोस' असे त्याला नुसते बजावून भागत नाही, ते पान त्याच्या नजरेसच पडू नये अशी व्यवस्था करावी लागते. मोठ्या कंपन्यांतही हल्ली ज्याला जी नोंद पाहण्याचा अधिकार आहे तेवढीच त्याच्यासाठी उघडते. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्या कामासाठी संमतीने माहिती घेतली, तेवढ्याच कामासाठी ती वापरावी, हे त्याचे एक सूत्र आहे. मदत घेणाऱ्या माउलीने नाव दिले ते मदतीसाठी.

तेव्हा माझी सूचना अशी. मदतीची वही कपाटातच राहू द्यावी. बाकीच्या वह्यांवरून वीस प्रश्न काढावेत, त्यांची उत्तरे आधी हाताने मोजावीत आणि बंद लिफाफ्यात अध्यक्षांकडे ठेवावीत. यंत्राची उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर खरेदीचा ठराव सभेपुढे यावा. मोजणीसाठी येत्या दोन रविवारी मी व आमच्या शाळेतील दोन सहकारी कार्यालयात बसू. तरुणांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी सकाळी नऊ वाजता यावे.