चरबी गप्प बसत नाही



अध्यक्षांनी चार शब्द बोलावेत आणि जेवणाला उशीर करू नये, एवढीच सभागृहाची अपेक्षा असते. ती मला मान्य आहे.

आपल्यातले बरेच डॉक्टर शिकत होते तेव्हा चरबी म्हणजे शरीराचं कोठार, इतकंच शिकवलं जायचं. 1993 साली अमेरिकेत बोस्टनला गोखान होतामिसलिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाला लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा सुजेचा दूत सापडला. आपण त्याला ओळखतो तो संधिवातामुळे. तो निष्प्रभ केल्यावर त्या प्राण्यांत इन्सुलिनचं काम सुधारलं. पुढे 2003 मध्ये दोन गटांनी दाखवलं, की लठ्ठपणात चरबीमध्ये मॅक्रोफेज पेशींची गर्दी होते.

घडतं ते असं. चरबीची पेशी फुगत जाते, रक्तपुरवठा तिला अपुरा पडू लागतो, काही पेशी मरतात. त्यांची विल्हेवाट लावायला आलेले मॅक्रोफेज तिथेच कडं करून बसतात आणि आणखी सोबत्यांना बोलावतात. यात ताप नाही, लाली नाही, ठणका नाही. रक्तातला सुजेचा निदर्शक सीआरपी जरासा वर असतो आणि यकृत, स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. वर्षानुवर्षं धुमसणारी ही सूज रुग्णाच्या तक्रारींत कुठेच नसते.

ही चरबी फक्त लठ्ठ दिसणाऱ्यांतच असते असं नाही. त्यासाठी आता पुण्याकडे येऊ. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, आपल्या याज्ञिकांची 21.2! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली तेव्हा सरासरी वजन 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नाही. म्हणजे ‘हडकुळा आहे, याला कसली साखर’ हे आपलं वाक्य जन्मापासूनच लंगडं.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 ला जादा वजन आणि 25 ला लठ्ठपणा धरायचं ठरलं. मला तेही पुरेसं वाटत नाही. पोटातली, यकृतातली चरबी वजनकाट्यावर वेगळी दिसत नाही. कमरेचा घेर पुरुषात 90 सेंटिमीटर, बाईत 80, याच्यापुढे गेला की मी सावध होतो. ओपीडीत वजनकाटा दारातच असतो, टेप मात्र नर्सबाईंना शोधावी लागते.

सूज हेच मूळ, तर सुजेवरच औषध द्या, असं कुणी म्हणेल. हळदीच्या कॅप्सूल विकणारे तर म्हणतातच. 2017 मध्ये कॅनाकिनुमॅबची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. या औषधाने इंटरल्यूकिन-1 बीटा हा सुजेचा दूत अडवल्यावर हृदयविकाराचे झटके कमी झाले. नव्याने होणारा मधुमेह मात्र कमी झाला नाही. एक दूत अडवला तरी बाकीचे आहेतच. वजन उतरलं की सीआरपी उतरतो, हे मात्र पुनःपुन्हा दिसलं आहे. आणि वजन रुग्णाला रागावून उतरत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

तेव्हा केसपेपरवर वजनाशेजारी घेराचा रकाना छापावा, असा ठराव मी दुपारच्या सभेत मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी आधी स्वतःची कंबर मोजून यावं. पहिल्या सत्राच्या वक्त्यांना मी व्यासपीठावर बोलावतो.