कचऱ्याखालची भूमी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



स्नेहसंमेलनासारख्या मंगल प्रसंगी कचऱ्याचा विषय काढणे काहींस रुचणार नाही. तथापि ज्या भूमीवर आपले संसार उभे आहेत, तिची प्रकृती जाणणे हे प्रत्येक गृहस्थाचे कर्तव्य आहे. आणि आपण टाकलेला कचरा अखेर तिच्याच अंगावर पडतो.

आजचे आपले छत्रपती संभाजीनगर १६१० मध्ये मलिक अंबरने वसविले, तेव्हा त्याचे नाव खडकी होते. नाव सार्थच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून थिजले, त्यांचा हा काळा पाषाण. वेरूळचे कैलास लेणे त्यातच कोरलेले आहे. परंतु हा पाषाण दिसतो तितका अभेद्य नाही. त्यात सांधे व भेगा आहेत आणि वरचा भाग झिजून त्याचा मुरूम झालेला आहे. पावसाचे पाणी याच वाटेने झिरपून विहिरींस येते. मलिक अंबरची नहरही अशाच भूगर्भातील पाण्यावर चालली. मात्र जी वाट पाण्याची, तीच घाणीचीही. कचऱ्याच्या राशीतून पाझरणारे काळे पाणी त्याच भेगांतून विहिरीपर्यंत पोहोचते.

शहराचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावच्या डेपोत पडत असे. दुर्गंधी, धूर आणि बिघडलेले पाणी यांस कंटाळून फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील व मांडकीच्या ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्यास संघर्ष उसळला. आपली घाण शेजाऱ्याच्या दारी टाकणे हा नागरधर्म नव्हे, हा धडा तेव्हा मिळाला.

येथे भूकंपाचा काय संबंध, असे कोणी विचारील. २००२ च्या मानकानुसार आपले शहर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. पण १९९३ पूर्वी किल्लारीही अशाच पट्ट्यात गणली जात होती! त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे सुमारे आठ हजार जीव गेले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या, त्यांनी घात केला. कचऱ्याची रासही तशीच सैल रचलेली, उभ्या उताराची, आत पाणी व वायू कोंडलेली असते. फिलिपाइन्समध्ये पायातास येथे जुलै २००० मध्ये केवळ पावसाने अशी रास घसरून दोनशेहून अधिक माणसे दगावली. १९९४ च्या कॅलिफोर्नियातील भूकंपात तर एका कचराभूमीचे अस्तर फाटले. अस्तर फाटले की घाण पाणी जमिनीत उतरण्यास वाट मिळते, आणि ते डोळ्यांस दिसतही नाही.

यास्तव जागा निवडताना खडकाच्या भेगा व विहिरींची पातळी तपासावी. २०१६ च्या नियमांत ९० सेंटिमीटर चिकणमातीच्या थरावर दीड मिलिमीटर जाडीची अभेद्य चादर सांगितली होती. उन्हाळ्यात तडकणाऱ्या आपल्या काळ्या मातीवर विसंबून भागणार नाही. राशीचा उतारही सौम्य हवा.

हे काम महापालिकेचे खरे. परंतु रास लहान ठेवणे आपल्या हाती आहे. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा आणि ओल्याचे खत करावे. आपल्या संस्थेच्या पंगतींतील पत्रावळी व उष्टे यांपासूनच या वर्षी आरंभ व्हावा, अशी माझी नम्र सूचना आहे.