अणुगर्भाची घनता कशी मोजली?

घनता काढावयाची तर वस्तूचें वजन व आकारमान हीं दोन्ही ठाऊक हवींत. अणुगर्भाचें वजन बिनचूक काढतां येतें, अडचण आकारमानाची. मिलिमीटराचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक फेम्टोमीटर. कॅल्शियमापासून शिशापर्यंतच्या अणुगर्भांची रुंदी अशा सुमारें नऊ ते चौदा फेम्टोमीटरांची. दृश्य प्रकाशाची लहर त्याहून कोट्यवधि पटींनीं लांब. तिला तेथें कांहींच दिसावयाचें नाहीं.

म्हणून शास्त्रज्ञांनीं इलेक्ट्रॉनाचा आश्रय केला. त्याच्याही अंगीं लहरीचा धर्म आहे, आणि ऊर्जा वाढवावी तसतशी ती लहर आखूड होत जाते. शिवाय अणुगर्भाला बांधून ठेवणारें प्रबळ बल इलेक्ट्रॉनाला जाणवत नाहीं. तो वळतो तो विद्युत्‌भारामुळें, आणि त्या बलाचा हिशेब आपणांस पक्का ठाऊक आहे.

पातळ ढगांतून पाहिल्यास चंद्राला लागून रंगीत कडें दिसतें. थेंब जितके बारीक, तितकें कडें मोठें. म्हणजे कड्यावरून न दिसणारा थेंब मोजतां येतो. १९५३ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठांत रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनीं हेंच तत्त्व योजिलें. पातळ पत्र्यावर इलेक्ट्रॉन सोडून कोणत्या कोनांत किती वळले, तें त्यांनीं मोजलें. त्यावरून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. अणुगर्भाला गोटीसारखी रेखीव कड नसते; सुमारें अडीच फेम्टोमीटरांत त्याची घनता ओसरत जाते. आणि मध्यभागची घनता कॅल्शियमांत काय नि सोन्यांत काय, जवळजवळ सारखीच. थेंब मोठा झाला म्हणून पाणी दाट होत नाहीं, तसेंच हें. या कार्यासाठीं १९६१ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला.

ही घनता किती? मोहरीच्या बारीक दाण्याएवढें, एक घन मिलिमीटर, असें द्रव्य जमवतां आलें, तर तें सुमारें २७ कोटी किलो भरेल. नांदगांव स्थानकावरून मनमाडकडे जाणाऱ्या मालगाडीचा बोजा चार हजार टन धरला, तर त्या एका दाण्याला पासष्टांहून अधिक गाड्या लागतील!

मात्र येथें एक सावधगिरी हवी. इलेक्ट्रॉनाला या प्रयोगांत दिसतो तो मुख्यतः प्रोटॉनांचा भार. शिशाच्या नेहमींच्या गर्भांत प्रोटॉन ८२, तर न्यूट्रॉन १२६. न्यूट्रॉनही तसेच पसरले आहेत, हें आपण धरून चालतों. तें पडताळण्यासाठीं अमेरिकेंतील जेफर्सन प्रयोगशाळेनें क्षीण बलाचा उपयोग केला. २०२१ सालीं शिशावरील न्यूट्रॉनांची साल ०.२८ फेम्टोमीटर भरली. २०२२ सालीं कॅल्शियमावरील ०.१२. हीं दोन्ही मापें एकाच सिद्धान्तांत बसविणें अवघड जात आहे. आणि न्यूट्रॉनताऱ्याची रुंदी किती, हा प्रश्नही याच सालीशीं निगडित आहे. आकाशांतील ताऱ्याचें माप शिशाच्या पत्र्यांत शोधावें लागतें, तें असें.