विणकाम : बेडी, विरंगुळा की निर्मिती?

(महिला दिनाच्या निमित्ताने भरलेल्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आजचे विषय फळ्यावर लिहिले आहेत. कौटुंबिक हिंसा, रेशन, पंचायतीतला सहभाग. आणि त्यांच्या खाली 'विणकाम'. ते वाचून मागच्या रांगेतल्या काही जणी हसल्या, ते मला इथून दिसलं. ते हसणं मला समजतं. आपल्या चळवळीचं आणि सुईदोऱ्याचं फारसं सख्य कधी नव्हतंच. 'बाई म्हणजे शिवण, भरतकाम, विणकाम' या समीकरणाशी भांडूनच आपण उंबऱ्याबाहेर आलो. शाळेत मुलग्यांना सुतारकाम आणि मुलींना शिवण, हे आपण पाहिलं. बायकांसाठी योजना म्हटली की शिवणयंत्राचं वाटप, हेही पाहिलं. तेव्हा आपण म्हणालो, आम्हाला वायरिंग शिकवा, गाडी चालवायला शिकवा. ते म्हणणं बरोबर होतं आणि आजही आहे.

आज मला त्याच्या पुढचा एक प्रश्न मांडायचा आहे. आपल्या आयांनी, आज्यांनी ज्या सुया हातात धरल्या, त्या केवळ कुणी धरायला लावल्या म्हणून धरल्या का? की त्यात त्यांचं स्वतःचं काही होतं? श्रम, शोषण, मोबदला यांवर आपण भरपूर बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण बाईच्या आनंदाचं काय? तोही हक्काचा विषय आहे असं मला वाटतं.

बसण्याचा परवाना

आपल्याकडे थंडी ती किती! कोकणात, मुंबईत तर स्वेटर घालायचे दिवस बोटांवर मोजावेत. तरी घराघरांत लोकरीचे गुंडे होते. बाळाचं टोपरं, पायमोजे, नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर, दाराला क्रोशाचं तोरण, रेडिओवर क्रोशाचा रुमाल. इतकं सगळं बायकांनी का विणलं असेल?

एक कारण साधं आहे. बाईला नुसतं बसायची मुभा नव्हती. हात रिकामे दिसले की कुणीतरी काम सांगणार. 'रिकामी काय बसलीस?' हे वाक्य ऐकलं नाही अशी एक तरी जण इथे असेल का? हातात सुया असल्या म्हणजे मात्र ती 'कामात' असते. मग ओट्यावर बसता येतं, शेजारणीशी बोलता येतं, मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात चार मैत्रिणींचा घोळका जमतो. दुपारचा तासभर आपला होतो. विणकाम हा बायकांचा बसण्याचा परवाना होता. विश्रांतीसुद्धा कामाच्या वेषात घ्यावी लागत होती, हे किती विचित्र आहे पाहा.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. 2019 साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. कोण दिवसाचे किती तास कशात घालवतं, याची ती मोजणी. त्यात असं दिसलं की घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. म्हणजे पाच तास आणि दीड तास. यात मुलांचं, आजाऱ्यांचं करणं धरलेलंच नाही, ते वेगळं. तेव्हा विणकामाच्या आनंदाबद्दल बोलायचं तर आधी विचारायला हवं की बाईला फावला वेळ आहे का? आणि असला तर तो कोणाच्या मालकीचा आहे?

'फावल्या वेळाचं' काम

हा 'फावला वेळ' शब्द फार फसवा आहे. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी भागात नरसापूर नावाचं गाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हे काम तिथे नेलं. पुढे ती लेस परदेशी बाजारात जाऊ लागली. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी या बायकांचा अभ्यास केला आणि 1982 साली त्यावर पुस्तक लिहिलं. मारियाताई आपल्याला परक्या नाहीत. 1960 च्या दशकात त्या पुण्यात जर्मन शिकवत होत्या आणि तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याच्या आदिवासी चळवळीवरही त्यांनी लिहिलं आहे. 2023 साली त्या गेल्या.

त्यांनी दाखवलं ते असं. या बायका तासन्‌तास विणत, घरचं सगळं करून विणत, आणि त्यांच्या हाताच्या मालावर निर्यातीचा धंदा उभा होता. पण त्यांना कामगार कोणी म्हणत नव्हतं. त्या 'गृहिणी', आणि त्यांचं विणणं म्हणजे 'फावल्या वेळातला उद्योग'. एकदा असं म्हटलं की मजुरी नाममात्र दिली तरी चालते. धंदा करणारे व्यापारी पुरुष, निर्यातदार पुरुष. बायकांच्या हाती फक्त सुई.

आणि एक लक्षात ठेवा. स्वेटर यंत्रावर विणता येतात, लुधियानात लाखोंनी विणले जातात. पण खरं क्रोशाचं काम आजही हातानेच होतं. तेव्हा दुकानात क्रोशाचा टॉप फार स्वस्तात दिसला तर समजावं, की हा कुठल्या तरी बाईच्या बोटांनी केला आहे आणि तिला त्याचे फार थोडे पैसे मिळाले आहेत. 2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकन लेसला मिळतं, विणणारीला काय मिळतं हे आपण विचारत राहिलं पाहिजे.

दुसरी फसवणूक 'त्यागाची'. 1962 च्या चीन युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्यामागची भावना खरी होती. पण आठवून पाहा, बाईने विणलेल्यातलं स्वतःसाठी किती असतं? नातवाला, जावयाला, दिराला. स्वतःच्या अंगावर मात्र जुनी शाल. उरलेल्या लोकरीचं काही झालं तर तिचं.

हे बायकांच्या रक्तातच असतं?

'बायकांना हे उपजत येतं' असं म्हणणारे भेटतात. त्यांना दक्षिण अमेरिकेत पेरू देशात पाठवावं. तिथे टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे पुरुष विणतात. मुलगे लहानपणीच सुया हातात घेतात आणि तिथल्या लोकरीच्या टोप्या पुरुषांच्या हातच्या असतात. 2005 साली युनेस्कोने त्या बेटाच्या वस्त्रकलेला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. युरोपातही सोळाव्या शतकात विणकऱ्यांचे संघ होते आणि ते पुरुषांचे होते. उमेदवारी करायची, परीक्षा द्यायची, मग उस्ताद म्हणवून घ्यायचं.

म्हणजे पुरुषाने विणलं की ती विद्या, कारागिरी, वारसा. बाईने विणलं की वेळ घालवायचं साधन. टाका तोच, सुया त्याच. फरक मोल ठरवणाऱ्यांच्या नजरेत आहे.

यात निर्मिती कुठे आहे?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. ज्या विणत नाहीत त्यांनाही हे कळावं म्हणून साध्या शब्दांत सांगते.

दोन सुयांवरच्या विणकामात मुळात टाके दोनच. सुलट आणि उलट. त्यातही समोरून जो सुलट, तोच मागून उलट. एवढ्या भांडवलावर सगळा पसारा उभा आहे. दोन सुलट, दोन उलट घालत गेलं की ताणणारा काठ होतो. एक-एक आलटून पालटून घातला की दाणेदार वीण होते. चार टाके बाजूला ठेवून पुढचे चार आधी विणले की वेणी पडते. टाके दोन आणि नमुन्यांना अंत नाही. क्रोशात तर सुई एकच आणि सुईवर जिवंत टाकाही बहुधा एकच. साखळी, मुका खांब, खांब, झालं. त्यातून मोर, द्राक्षांचे घोस, अननस, काय हवं ते.

हे अडाण्याचं काम नाही. मुक्या खांबांचा गोल रुमाल सपाट हवा असेल तर दर फेरीला साधारण 6 खांब वाढवावे लागतात. कमी वाढवले तर वाटी होते. जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. हे आपल्या आजीला ठाऊक होतं. आता गंमत ऐका. गणितात एक वक्र पृष्ठभाग आहे, जो सतत पसरत, मुडपत जातो. त्याची टिकाऊ, हातात धरता येईल अशी प्रतिकृती करणं फार जिकिरीचं होतं. कागदाचे नमुने फाटायचे. 1997 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी तो क्रोशाने विणून दाखवला. कसा? दर फेरीला ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवत. म्हणजे झालरच! 'बिघडलेला रुमाल' म्हणून आपण जो उसवून टाकतो, त्यात भूमिती दडलेली होती.

उसवण्यावरून आठवलं. कापड चुकीचं कापलं की गेलं. आमटीत मीठ जास्त पडलं की बोलणी. पण विणकामात टाका चुकला तर उसवायचं आणि पुन्हा विणायचं. लोकर वाया जात नाही. करून पाहायची, मोडायची, पुन्हा करायची एवढी मोकळीक बाईला दुसऱ्या कुठल्या कामात मिळते? मला वाटतं, निर्मितीची सुरुवात या मोकळिकीतून होते.

आमच्या गटात दर पंधरा दिवसांनी काही जणी विणायला बसतात. त्यांत धुणंभांडी करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी उरल्यासुरल्या दोऱ्यांची क्रोशाची चादर केली. गुलाबीशेजारी शेवाळी, मध्येच एक पिवळाजर्द पट्टा. कुठल्या पुस्तकात हे रंग एकत्र सापडायचे नाहीत. आमच्यातल्या एकीने विचारलं, "याचे किती येतील हो?" त्या म्हणाल्या, "ही नाही विकायची. दिवसभर भांडी घासते, ती संध्याकाळपर्यंत परत खरकटी होतात. हे केलेलं तसंच राहतं."

यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही. घरकामाचा गुणच असा की केलेलं दिसत नाही, न केलेलं तेवढं दिसतं. केर रोजचा, भाकरी रोजची. विणलेली ओळ मात्र तिथेच असते आणि उद्या तिच्यावर दुसरी चढते. आपण केलेलं वाढताना पाहणं, हा आनंद फार बायकांच्या वाट्याला येत नाही.

एकत्र बसल्यावर

विणताना हात गुंततात, डोळे खाली असतात आणि तोंड मोकळं राहतं. समोरासमोर बसवून 'तुमची समस्या सांगा' म्हटलं की बाई गप्प होते. तीच बाई टाके मोजता मोजता सहज बोलून जाते. सल्ला केंद्रात काम करणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं.

आणि धागा रस्त्यावरही आला आहे. इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमन इथे अमेरिकेची अण्वस्त्रं ठेवायला विरोध म्हणून 1981 साली बायकांनी तळ ठोकला. 12 डिसेंबर 1982 ला सुमारे 30,000 बायकांनी हात धरून त्या तळाला वेढा घातला. कुंपणाच्या तारांवर त्यांनी बाळांचे कपडे अडकवले, लोकरीच्या धाग्यांची कोळिष्टकं विणली. लोकरीपुढे तार काही तुटत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. पण घरातली म्हणून हिणवलेली वस्तू त्यांनी लष्करासमोर नेऊन उभी केली. 1991 पर्यंत तिथली क्षेपणास्त्रं हलवली गेली. बायकांचा तळ 2000 सालापर्यंत राहिला.

मग आपण काय करायचं? विणकाम सगळ्यांनी करावं असं मी म्हणत नाही. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खुशाल सुया फेकून द्याव्यात, तोही हक्कच आहे. ज्यांना आवडतं त्यांना चार गोष्टी सांगते. पहिली वस्तू स्वतःसाठी विणा. नमुना पुस्तकातला घ्या, मोबाइलवरचा घ्या, पण त्यात एक तरी बदल आपल्या मनाने करा. विकायचं असेल तर लोकरीच्या किमतीबरोबर तास मोजा आणि तासांचे पैसे लावा, 'फावल्या वेळात केलं' हे शब्द तोंडातून काढू नका. आणि घरातल्या मुलग्यांना शिकवा. मुलगी विणते म्हणून तिची पाठ थोपटायची आणि मुलगा विणतो म्हणून हसायचं, हे निदान आपल्या घरात नको.

आणि हातात काहीच न घेता नुसतं बसावंसं वाटलं, तर तेही बसा. कुणी विचारलं 'रिकामी काय बसलीस?' तर सांगा, बसलेय. आपल्याला परवाना नको आहे, वेळ हवा आहे. त्या वेळात विणायचं, वाचायचं की आढ्याकडे पाहत पडायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मागच्या टेबलावर सुया आणि लोकर ठेवली आहे. चहा झाल्यावर ज्यांना हवं त्यांनी या. मघाशी हसलेल्या मैत्रिणींसाठी जागा राखून ठेवली आहे.