हाताला वळण घरातच लागते



सुवर्ण महोत्सवाचा प्रसंग जसा आनंदाचा, तसाच हिशेब मांडण्याचाही असतो. इमारत किती उभी राहिली, निधी किती जमला, हे ताळेबंदात दिसते. पुढची पिढी कोणत्या तयारीने उभी राहिली, हे मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणूनच घरातील नित्याच्या कामांतून मुलांना व्यवहारातील कौशल्ये कशी देता येतील, या विषयाचा विचार आजच्या दिवशी होणे उचित आहे.

संस्थेच्या महोत्सवातून समाजाला काय लाभू शकते, याचे एक थोर उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. १९३७ साली वर्धा येथे मारवाडी समाजाने चालविलेल्या शिक्षणसंस्थेच्या रौप्य महोत्सवाचे औचित्य साधून २२ व २३ ऑक्टोबर रोजी एक शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. व्यापारी समाजाच्या एका संस्थेच्या त्या महोत्सवातून देशाला ‘वर्धा योजना’, अर्थात ‘नई तालीम’ मिळाली. मुलांना सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून मिळावे आणि ते एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे, हा तिचा गाभा होता. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई, शेती, स्वयंपाकघर आणि सफाई ही कामे अभ्यासाच्या तासांनंतरची करमणूक नव्हती. तोच अभ्यास होता. सूत किती कातले हे मोजताना गणित येई, कापूस कोठून आला हे विचारताना भूगोल येई. २००५ पासून सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेने हीच परंपरा पुन्हा सुरू केली आहे.

आपल्या परंपरेला तर हा विचार मुळीच नवा नाही. भगवान ऋषभदेवांनी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आचार्य जिनसेनांच्या नवव्या शतकातील ‘आदिपुराणा’त वर्णन आहे. प्रथम तीर्थंकरांनी वैराग्याचा मार्ग दाखविण्यापूर्वी जगण्याची कला शिकविली आणि तिचा आरंभ स्वतःच्या घरापासून केला, ही गोष्ट मननीय आहे. कन्या ब्राह्मीला त्यांनी लिपी दिली, कन्या सुंदरीला अंक दिले. पुत्रांनाही निरनिराळ्या कलांत निपुण केले. 

आज आपल्या घरांतून काय दिसते? मूल शाळेतून येते, शिकवणीला जाते, परत येऊन पुस्तक उघडते. आईने चादरीची घडी घालण्यास हाक मारली, तर आजी म्हणते, ‘‘राहू दे गं, त्याचा अभ्यास बुडेल.’’ पुढे सतराव्या-अठराव्या वर्षी तोच मुलगा नागपूर, पुणे किंवा कोटा येथे शिकण्यास जातो. तेथे सदऱ्याचे बटण तुटते, तेव्हा तो सदरा बाजूला पडतो. गिरणीच्या आवाजात वाढलेल्या या गोंदियातील मुलाला तांदळात पाणी किती घालावे हे ठाऊक नसते. गैरसोय तर होतेच, पण तिच्याहून मोठी हानी निराळी आहे. ज्याने कधी भांडे घासले नाही, त्याला भांडी घासणाऱ्या बाईच्या श्रमाचे मोल कळत नाही. ज्याने कधी शिलाई उसवली नाही, तो शिंप्याशी मजुरीवरून हुज्जत घालतो. हाताला काम ठाऊक नसले की मनाला माणूस ठाऊक होत नाही.

याच विषयाची दुसरी बाजू सांगितल्याविना हे विवेचन एकांगी ठरेल. आपल्या भंडारा-गोंदिया भागात तेंदूपानाच्या आधाराने विडीचा धंदा घराघरांत पसरला होता. अनेक गरीब घरांत आईच्या सुपाशेजारी बसून लहान मुलांची बोटेही पाने कापीत व दोरे बांधीत. तेही घरातलेच काम होते. पण त्या कामाने मुलांची शाळा हिरावली, खेळ हिरावला. १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्याने विडी बांधण्याच्या कामावर मुलांना लावण्यास मनाई केली. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत कामास ठेवणे निषिद्ध ठरविले. मात्र शाळेनंतर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या कामात मदत करण्याची मुभा ठेवली. तात्पर्य, गरिबाच्या मुलाची शाळा कामाने हिरावली आणि संपन्नाच्या मुलाचे काम शाळेने हिरावले. दोन्हीकडे मूल अपुरेच राहिले.

मग शिकविणारे काम आणि राबविणारे काम यांतील भेद कसा ओळखावा? तीन कसोट्या पुरेशा आहेत. काम थोडा वेळ चालते काय? त्यामुळे अभ्यास, खेळ आणि झोप अबाधित राहते काय? आणि ते काम करता करता मुलाला काल येत नव्हते असे काही आज येऊ लागते काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर ते शिक्षण समजावे.

आता प्रत्यक्ष कामांकडे वळू. आपला जिल्हा धानाचा; तेव्हा आरंभ तांदळापासून करणे योग्य. पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे ताटात मूठभर तांदूळ पसरून द्यावेत. खडा वेगळा, कणी वेगळी, अखंड दाणा वेगळा, असे निवडताना त्याची नजर स्थिर होते आणि चिमूट पक्की होते. पुढे लेखणी धरण्यास तीच चिमूट उपयोगी पडते. आपल्याकडे निवडण्यामागे जीवदयेचा हेतूही आहे. दाण्यातील किडा चिरडू नये, अलगद बाजूला ठेवावा, हे व्याख्यानाने जेवढे ठसत नाही तेवढे ताटासमोर बसून ठसते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वाटीने माप घेऊ द्यावे. जुन्या तांदळाला पाणी अधिक लागते, नव्याला कमी. नव्याला जुन्याइतके पाणी घातले तर भाताचा गोळा होतो. सातवीतील मुलाला शेकडेवारी शिकवायची असेल, तर शासकीय भरडाईचा हिशेब पुढे ठेवावा. १०० किलो धानामागे साध्या तांदळाचा उतारा ६७ किलो धरला जातो. उरलेल्या ३३ किलोंत कोंडा, भुसा आणि घट असते. पुस्तकातील शेकडेवारी विसरली जाईल. आपल्या गावच्या गिरणीतील विसरली जाणार नाही.

दुसरे काम पाणी गाळण्याचे. घट्ट विणीच्या दुहेरी कापडातून पाणी गाळावे आणि गाळण्यावर उरलेले जीव त्याच पाण्याच्या ठिकाणी परत सोडावेत, ही आपली जुनी रीत. या रीतीला मिळतीजुळती साक्ष शेजारच्या बांगलादेशातून आली आहे. तेथील मतलब भागातील ६५ खेड्यांत संशोधकांनी स्त्रियांना जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्यास शिकविले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात, हे त्याचे कारण. नव्या कापडापेक्षा वारंवार धुतलेले जुने कापड अधिक उपयोगी ठरले, कारण धुण्याने धागे फुलतात व मधली छिद्रे बारीक होतात. अर्थात सुटे जंतू कापडातून निसटतात. म्हणून गाळलेले पाणी उकळणेही आवश्यक. एवढे समजावून मुलाच्या हाती गाळणे दिले, तर रूढी, विज्ञान आणि करुणा हे तिन्ही धडे एकाच घागरीपाशी होतात. गाळणे धुऊन वाळविणे हेही त्याच्याचकडे सोपवावे.

तिसरे काम कापडाचे. कापडाचा तुकडा मुलाच्या हाती देऊन उभा ताणण्यास सांगावा, मग आडवा, मग तिरपा. तिरपा तो सर्वाधिक ताणतो. असे का, हे विचारले की उभ्या-आडव्या धाग्यांची वीण मूल स्वतः शोधून काढते. एक गज म्हणजे ३६ इंच आणि मीटर त्याहून सुमारे तीन इंचांनी मोठा, हे टेप हाती घेतल्यावर पाठ करावे लागत नाही. दहाव्या वर्षापर्यंत धावदोरा आणि बटण लावणे मुलाला यावे. बटण लावताना ते कापडाशी आवळून टाकू नये, दोऱ्याचा लहानसा देठ ठेवावा. नाही तर बटण काजात नीट बसत नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून शिवण्यापूर्वी भिजवावे. अशा बारकाव्यांनीच हात शहाणा होतो. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालशिक्षणात बटणे व नाड्या लावण्याच्या चौकटी मुद्दाम ठेवल्या. १९३९ ते १९४६ या काळात त्या भारतातच होत्या. आपल्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले वापरून तेच शिक्षण आदिवासी मुलांच्या अंगणात नेले. साधनांवाचून काही अडत नाही, हे त्यांच्या कार्याने सिद्ध झाले आहे.

चौथे काम हिशेबाचे. व्यापारी घरातील मुलाला रोजमेळ लिहिता येऊ नये, हे शोभणारे नाही. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्याची भाजी आणण्यास सांगावे, जमा-खर्च लिहून घ्यावा आणि शिल्लक ताळ्याशी मिळते काय ते पाहावे. आता पैसे भ्रमणध्वनीवरून दिले जातात व नोट हातातून जात नाही. म्हणून लिहून ठेवण्याची सवय पूर्वीपेक्षा अधिक गरजेची झाली आहे. विजेचे मापकही मुलानेच वाचावे. १००० वॅटची इस्त्री एक तास चालली की एक युनिट खर्ची पडते. तेवढ्याच युनिटात १० वॅटचा दिवा १०० तास जळतो. हे एकदा उमगले की दिवा बंद करण्यासाठी रागवावे लागत नाही. अपरिग्रहाची ही रोजच्या जीवनातील पायरी होय.

शिकविण्याची पद्धतही ध्यानी घ्यावी. प्रथम मुलाने पाहावे, मग सोबत करावे, मग एकट्याने करावे आणि तेव्हाही मोठ्यांची नजर जवळ असावी. विस्तव, सुरी आणि विजेच्या कामात तर हा क्रम कधीही मोडू नये. काम खरे असावे. खोटे काम मूल लगेच ओळखते. साधन त्याच्या हाताला पेलणारे असावे. मुलाने घातलेली वाकडी घडी त्याच्यादेखत पुन्हा घालू नये. तसे केले तर दुसऱ्या दिवशी ते घडी घालीत नाही. आणि कामाला शिक्षेचे रूप कदापि देऊ नये. ‘गुण कमी पडले, आता भांडी घास’ असे म्हटले की भांडी घासणे हा आयुष्यभरासाठी अपमान होऊन बसतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त ‘पत्रावळ’ नावाचे एक प्रकरणच आहे. मुलाने पत्रावळ लावण्यास शिकावे, असा घरच्यांचा आग्रह तेथे आहे, पण तो मायेचा आहे. आपल्या जिल्ह्यात पळसाला तोटा नाही; आपल्या किती मुलांना द्रोण लावता येतो?

एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे प्राप्त आहे. घरकाम शिकवावे म्हटले की अनेक घरांत ते केवळ मुलीला शिकविले जाते. भाऊ शिकवणीला आणि बहीण स्वयंपाकघरात, याला शिक्षण म्हणता येणार नाही, तो पक्षपात आहे. मुलाला भात आणि बटण आले पाहिजे. मुलीला विजेचे मापक, बँकेचा अर्ज आणि रोजमेळ आला पाहिजे. ऋषभदेवांनी अंकविद्या कन्येच्या हाती दिली होती, याचे स्मरण ठेवावे.

कोणी म्हणेल, स्पर्धेच्या युगात एवढा वेळ कोठून आणावा? दिवसाकाठी एका सामायिकाएवढा, म्हणजे ४८ मिनिटांचाही वेळ यास लागत नाही; अर्धा तास पुरेसा आहे. कोणी म्हणेल, घरात नोकर आहेत. त्यांची रोजी अवश्य चालू राहावी. मात्र आपले ताट उचलणे आणि अंथरूण काढणे हे कोणाच्याही रोजीचा भाग नसावे. शासनाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. शाळा दहा दिवस देईल. घरापाशी उरलेले सर्व दिवस आहेत.

या सुवर्ण महोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एवढाच नियम घ्यावा की घरातील प्रत्येक मुलाकडे व मुलीकडे एक काम पूर्णपणे सोपवायचे, तीन महिन्यांनी ते बदलून दुसरे द्यायचे. वर्षाला चार कामे झाली, तर दहा वर्षांत चाळीस होतील. संस्थेनेही सुट्टीतील शिबिरात सुई-दोरा, वाटी-माप आणि रोजमेळ यांना स्थान द्यावे आणि गावातील शिंपी, सुतार, गिरणीवरील मिस्त्री यांना तेथे गुरू म्हणून सन्मानाने पाचारण करावे. वर्ध्याच्या त्या रौप्य महोत्सवाने देशाला एक विचार दिला. आपल्या सुवर्ण महोत्सवाने आपल्या घरांना एक सवय दिली, तरी पुष्कळ झाले.

जय जिनेंद्र!